जस्ताच्या बादलीतली भिंत

भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं की माणसाला बाजारातही धड खरेदी करता येत नाही. नाशिकच्या भांडी बाजारात माझ्या मामेभावाचं दुकान आहे. तांब्याचे हंडे, पितळी पातेली, ॲल्युमिनियमचे डबे, स्टीलची ताटं असं सगळं एकावर एक रचलेलं, आणि मला त्यात आधी दिसते ती अणूंची मांडणी. तांब्याचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहा बाजूंच्या मध्यावर बसतात. ॲल्युमिनियमचं तेच. सराफ बाजारातल्या सोन्या-चांदीचंही तेच. पितळेत जस्त असतं खरं, पण भांड्यांच्या नेहमीच्या पितळेत ते तांब्याच्या मांडणीत मुकाट सामावून जातं, स्वतःची मांडणी घेऊन येत नाही.

ती बघायची तर दुकानाच्या मागच्या अंगाला जायचं. तिथे अजून दोन-चार जस्ती बादल्या पडलेल्या असतात. लोखंडी पत्र्यावर वितळलेल्या जस्ताचा थर गोठताना त्यावर बर्फाच्या फुलांसारखी नक्षी उमटते. त्यातला एकेक ठिपका म्हणजे जस्ताचा एकेक स्फटिक, आणि साध्या डोळ्यांनी दिसणारा. जुन्या पत्र्यावर ही फुलं मोठी असत, कारण वितळलेल्या जस्तात थोडं शिसं असायचं. मी बादली उजेडाकडे धरून फिरवत होते तर भाऊ म्हणाला, "ताई, घेऊन जा तशीच. तिला आता गिऱ्हाईक नाही. सगळ्यांना प्लॅस्टिकची पाहिजे."

मी म्हटलं, "अरे, तुझ्या अख्ख्या दुकानात हिच्यासारखी दुसरी वस्तू नाही."

"हो, बरोबर. कारण बाकीचं सगळं विकलं जातं."

त्याला पुढचं सांगायचा मोह मी आवरला. इथे आवरणार नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या पीएच.डी. करते आहे. विषय आहे नोडल सरफेस, म्हणजे स्फटिकातले दोन ऊर्जापट्टे जिथे एखाद्या बिंदूत किंवा रेषेवर नाही तर पूर्ण पृष्ठभर एकमेकांना चिकटतात ती जागा. फोनवर तिने विषय सांगितला तेव्हा तिच्या आवाजात नव्या प्रदेशात पाऊल ठेवल्याचा उत्साह होता. मला मात्र आधी आठवली ती एम.एस्सी.ला शिकलेली एक कोरडी नोंद: षटकोनी धातूंमध्ये वरच्या-खालच्या षटकोनी फलकावर पट्टे दोन-दोन चिकटलेले असतात. तेव्हा ही नोंद म्हणजे हिशेबातली कटकट होती. जी गोष्ट आम्ही कटकट म्हणून पाठ केली, तिच्यावर आज प्रबंध लिहिले जातात. हे कसं झालं, याचा विचार मी बरेच महिने करते आहे.

आधी ऊर्जापट्टा म्हणजे काय ते. स्फटिकातला इलेक्ट्रॉन लाटेसारखा पसरलेला असतो, आणि ती लाट कोणत्या दिशेला किती दाट आहे हे तीन आकड्यांनी सांगता येतं. त्या तीन आकड्यांचा मिळून तरंगसदिश. हे आकडे कितीही मोठे घेऊन उपयोग नसतो, एका मर्यादेपलीकडे त्याच लाटा पुन्हा मोजल्या जातात. त्या मर्यादेत मावणाऱ्या बंदिस्त प्रदेशाला ब्रिल्वाँ झोन म्हणतात. झोनमधल्या प्रत्येक बिंदूवर इलेक्ट्रॉनला काही ठरावीक ऊर्जाच घेता येतात. बिंदू सरकवला की त्या ऊर्जा वरखाली होतात आणि त्यांचे पट्टे तयार होतात. दोन पट्ट्यांची ऊर्जा एखाद्या ठिकाणी अगदी तंतोतंत सारखी झाली तर ती डिजनरसी.

अशी गाठ सहजासहजी पडत नाही. १९२९ साली फॉन नॉयमन आणि विग्नर यांनी दाखवलं की दोन ऊर्जापातळ्या योगायोगाने एकत्र यायच्या तर एकाच वेळी तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. एखादी अट थोडी जरी हुकली तरी पातळ्या जवळ येतात, एकमेकींना ढकलतात आणि दूर जातात. आता स्फटिकाच्या झोनमध्ये फिरायला आपल्याला बरोबर तीन दिशा आहेत. तीन अटी, तीन दिशा. म्हणजे गाठ पडलीच तर सुट्या बिंदूंवर पडणार. १९३७ साली कॉनयर्स हेरिंग या तरुणाने स्फटिकांसाठी हे नीट मांडलं. त्याच्या त्या वर्षीच्या शोधनिबंधांत बिंदू आहेत, रेषा आहेत, सममितीमुळे सक्तीने चिकटणारे पट्टे आहेत. पुढे अशा बिंदूंना हर्मान वाइल याचं नाव मिळालं, कारण त्यांच्या आसपास इलेक्ट्रॉन वाइलच्या १९२९ सालच्या समीकरणाप्रमाणे वागतो. टँटॅलम आणि आर्सेनिकच्या संयुगात ते प्रत्यक्ष दिसले २०१५ साली. हेरिंग २००९ मध्येच गेला होता.

बिंदूंनंतर रेषा. स्फटिक आरपार उलटवला तरी तसाच राहत असेल, आणि इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा, म्हणजे त्याच्या अंगच्या फिरकीचा, त्याच्या फिरण्याशी येणारा संबंध विसरता येण्याइतका क्षीण असेल, तर तीनपैकी एक अट आपोआप गळून पडते. उरल्या दोन अटी आणि दिशा तीन, म्हणून बिंदूची रेषा होते. झिरकोनियम, सिलिकॉन आणि गंधकाच्या एका संयुगात २०१६ साली अशा रेषा मोजल्या गेल्या. याच हिशेबाने पृष्ठ हवं असेल तर एकच अट उरायला हवी. तशीही उदाहरणं आहेत, पण मला ती ओढूनताणून आणलेली वाटतात. पृष्ठाकडे जाणारा खरा रस्ता निराळा आहे, आणि तिथे योगायोगाला जागाच नाही.

तो रस्ता मळसूत्राचा. काही स्फटिकांत अशी सममिती असते की मांडणी एका अक्षाभोवती अर्धी फेरी फिरवली तर ती जुळत नाही, नुसती अर्धी पायरी वर सरकवली तरी जुळत नाही, पण दोन्ही एकदम केलं की अणू अणूवर बसतो. आमच्या गंगापूर रोडच्या इमारतीचा जिना असाच आहे. अर्धा मजला चढलात की तोंड उलट दिशेला, आणखी अर्धा चढलात की तोंड मूळ दिशेला, मात्र तुम्ही एक मजला वर. दोन अर्ध्या क्रिया मिळून काहीच केलं नाही असं होत नाही, एक पूर्ण मजला होतो. सगळी गंमत या उरलेल्या मजल्यात आहे.

एक मजला वर सरकल्याने लाटेला काय होतं? झोनच्या मध्यावर काहीच नाही. पण झोनच्या वरच्या फलकावर लाट इतकी दाट असते की मांडणीच्या एका घरात, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या तिच्या एका तुकड्यात, शिखर तर पुढच्या घरात दरी. म्हणजे एक मजला सरकणं म्हणजे लाटेचं चिन्ह बदलणं, उणे एकने गुणणं. आता मळसूत्राच्या क्रियेला काळ उलटा फिरवण्याची क्रिया जोडा. मळसूत्राने आडव्या दोन दिशा उलटतात. काळ उलटला की तिन्ही दिशा उलटतात. दोन्ही मिळून आडव्या दिशा जागच्या जागी येतात आणि फक्त उभी दिशा उलटते. फलकावर मात्र वरची कड आणि खालची कड एकच मानली जाते, त्यामुळे फलकावरचा प्रत्येक बिंदू, एकही न वगळता, या जोडक्रियेखाली जागेवरच राहतो. आणि हीच जोडक्रिया दोनदा केली की हातात येतं उणे एक.

इथे वर्गात मी नेहमी खडू खाली ठेवायचे. समजा फलकावरची एखादी स्थिती या क्रियेने स्वतःतच परतली, फार तर एका गुणकाचा फरक पडला. क्रिया पुन्हा करा. काळ उलटवणाऱ्या क्रियेचा स्वभाव असा की ती वाटेतल्या गुणकाचा संयुग्मी घेते, म्हणजे त्याच्या काल्पनिक भागाचं चिन्ह उलटवते. म्हणून दोनदा केल्यावर गुणक आणि त्याचाच संयुग्मी यांचा गुणाकार येतो, आणि तो कधीच ऋण नसतो. पण आपल्याला तर उणे एक मिळालं होतं. याचा अर्थ एकच: ती स्थिती स्वतःत परतूच शकत नाही. तिला त्याच बिंदूवर, त्याच ऊर्जेची, वेगळी जोडीदार असलीच पाहिजे. पदार्थ कोणता, अणू किती जड, बंध किती ताणलेले, कशाचाही संबंध नाही. मळसूत्र आणि काळाची सममिती शाबूत आहे तोवर अख्खा फलक म्हणजे जुळलेल्या जोड्यांची भिंत. चार ओळींच्या युक्तिवादातून एवढं मोठं काही हाती लागतं असे प्रसंग माझ्या विषयात थोडेच आहेत.

स्फटिकांच्या सममितीचे एकूण २३० प्रकार. फेडोरोव्ह आणि शोनफ्लीस यांनी ते १८९१ सालीच मोजून ठेवले. त्यातले १५७ असे की मळसूत्र किंवा सरकतं प्रतिबिंब त्यातून काढून टाकताच येत नाही. त्या सगळ्यांत भिंत उभी राहते असं नाही, पण मळसूत्र अर्ध्या फेरीचं असून जालकाच्या, म्हणजे मांडणी जिथे पुन्हा पुन्हा येते त्या जाळ्याच्या, रचनेने ते पुसून टाकलं नसेल तर राहते. जस्त त्यातलंच. मॅग्नेशियम आणि टायटेनियमही. तांबं, सोनं, चांदी, ॲल्युमिनियम यांच्या घनाकृती मांडणीत ही सक्ती नाही. भावाच्या दुकानातली दुर्मीळ वस्तू ती हीच.

आता प्रामाणिक हिशेब. जस्ताच्या भिंतीला भेग आहे. वरच्या युक्तिवादात मी स्पिन बाजूला ठेवला होता. इलेक्ट्रॉनला स्पिन असतो, आणि स्पिन-ऑर्बिट कपलिंग जमेला धरलं की जस्तासारख्या आरपार सममित धातूत चौघांची जूट (स्पिनच्या दोन दिशांमुळे जोडीचे चार होतात) फुटून दोन-दोन उरतात. फलकावरच्या मोजक्या रेषा तेवढ्या वाचतात. कोहेन आणि फॅलिकोव्ह यांनी हे १९६० साली दाखवलं. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त आवडते: जोरदार चुंबकीय क्षेत्रात फिरणारा इलेक्ट्रॉन अशी अरुंद भेग सरळ ओलांडून जातो आणि भेग नसतीच तर ज्या मोठ्या कक्षेत गेला असता त्या कक्षेत फिरतो. मॅग्नेशियमच्या प्रयोगांत अशी भलीमोठी कक्षा दिसली होती आणि कोणाला तिचा अर्थ लागत नव्हता. तेव्हा जस्तात किंवा मॅग्नेशियममध्ये भिंत आहे की नाही, याला सरळ हो-नाहीचं उत्तर नाही. तुम्ही किती बारीक पाहता आणि चुंबक किती जोराचा लावता यावर ते ठरतं.

म्हणूनच २०१६ नंतर एकामागून एक 'नोडल' नावं निघू लागली तेव्हा मी थोडी नाक मुरडून होते. बेरियम-व्हॅनेडियम-गंधकाच्या संयुगांत भिंत सापडली, ती अर्थातच मळसूत्राची. नोडल रेषा, नोडल साखळी, नोडल जाळं, नोडल पृष्ठ. विद्यार्थिनीला मी बोललेही, "अगं, हे तर हेरिंगने केव्हाच लिहून ठेवलंय. नवीन पाटी लावली की दुकान नवीन होत नाही."

ती ऐकून घेणाऱ्यातली नाही. म्हणाली, "मॅडम, भिंत जुनी आहे, मान्य. पण त्या भिंतीवर भार किती, हे हेरिंगने विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. तो प्रश्न माझ्या पिढीलाही सुचला नव्हता. वाइल बिंदूला एक टोपोलॉजिकल भार असतो. त्याच्याभोवती बंद पृष्ठ गुंडाळून एक विशिष्ट बेरीज केली की पूर्णांकच येतो, अपूर्णांक कधीच नाही, आणि पदार्थ जरासा ताणला-दाबला तरी तो बदलत नाही. नील्सन आणि निनोमिया यांनी १९८१ साली सिद्ध केलं की जालकात या भारांची एकूण बेरीज शून्य असायलाच हवी. एक अधिक असेल तर कुठेतरी एक उणे असणार. त्यामुळे सगळे असं धरून चालले की वाइल बिंदू जोडीनेच येणार. सिद्धांतात जोडीदार बिंदूच असला पाहिजे असं काही नव्हतं, पण दुसरं काय असणार?

दुसरी असू शकते भिंत. मध्यावर एकटा बिंदू, आणि त्याचा विरुद्ध भार कडेच्या भिंतींवर पसरलेला. २०१८-१९ च्या सुमारास हे कागदावर आलं, आणि २०२१ मध्ये प्लॅटिनम व गॅलियमच्या संयुगात प्रयोगाने दिसलं. त्याची मांडणी घनाकृती पण उजवी-डावी असा भेद असलेली, आणि तिन्ही दिशांना अर्ध्या फेरीचं मळसूत्र. आरपार सममिती नसल्याने तिथे स्पिन धरूनही भिंत टिकते. झोन घनाकृती, आणि त्याच्या सहाही बाजू भिंती. मधोमध एकटा वाइल बिंदू आणि चहूबाजूंनी बंद पेटी. एरवी अशा पदार्थाच्या पृष्ठभागावर भिन्न भारांच्या बिंदूंना सांधणारे उघडे चाप दिसतात, तेच तर वाइल पदार्थांचं ओळखपत्र समजलं जायचं. इथे त्या बिंदूपासून निघणारा चापच नाही, कारण दुसऱ्या टोकाला जायला बिंदू नाही. जस्ताच्या भिंतीवर असा भार कधी बसू शकत नाही, त्याची आरपार सममिती तो शून्यच ठेवते. म्हणजे माझी बादली दुर्मीळ असली तरी या कथेची नायिका नव्हे.

माझं म्हणणं एवढंच की नवं काय आणि जुनं काय हे पदार्थावरून ठरवता येत नाही. भिंत १९३७ साली माहीत होती, पट्टे मोजताना तिचा त्रास व्हायचा, म्हणून तिची नोंद झाली. तिच्यावर काही साठवलेलं असू शकतं हा विचार सुचायला ऐंशी वर्षं लागली. मधल्या काळात गणिताचं अवजार तयार व्हावं लागलं, थाउलेस, हाल्डेन, कॉस्टरलिट्झ यांच्यासारख्यांना टोपोलॉजी पदार्थात आणावी लागली, त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं. नावांच्या भाऊगर्दीबद्दल माझी तक्रार अजूनही आहे. पण या एका प्रश्नापुरती मी विद्यार्थिनीच्या बाजूला.

या विषयातला मला सर्वांत भावलेला भाग इलेक्ट्रॉनचा नाहीच, आवाजाचा आहे. आवाजाला स्पिन नसतो. म्हणजे जस्ताची भिंत ज्याने फोडली तो घटकच तिथे गैरहजर. २०१९ साली पोकळ्या आणि नळ्या जोडून बनवलेल्या कृत्रिम ध्वनि-स्फटिकात संशोधकांनी नोडल पृष्ठ मोजलं. आणि खऱ्या स्फटिकातली अणूंची थरथर, ज्याला फोनॉन म्हणतात, तिलाही हाच नियम लागू. मळसूत्र असेल तर थरथरीचे पट्टेही फलकावर दोन-दोन चिकटणार, बिनभेगेचे.

हे कळल्यावर माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल तर सिन्नर. नाशिककराला वेगळं सांगायला नको, आपल्या पायाखालचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे गरम पाणी झिरपून त्यांत स्फटिक वाढले. विहीर खणताना, खाणीत सुरुंग लावताना ते अजून निघतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते बघून माणूस हरखून जातो: मोरपंखासारखं स्टिल्बाइट, सुयांच्या जुड्यांसारखं स्कोलेसाइट, आणि काचेसारखं स्वच्छ, कधी हिरवट झाक असलेलं, चौकोनी कापल्यासारखं ॲपोफिलाइट. लोक ते मूठभर मोठ्या तुकड्यांत घरी शोभेला ठेवतात.

ॲपोफिलाइटची सममिती मी तक्त्यात पाहिली. चौकोनी जालक, आणि दोन्ही आडव्या दिशांना अर्ध्या फेरीचं मळसूत्र. पुसून टाकणारं काही नाही. मग वहीत मोजत बसले. एका सूत्रात पोटॅशियम एक, कॅल्शियम चार, सिलिकॉन आठ, ऑक्सिजन वीस, फ्लोरिन एक आणि पाण्याचे आठ रेणू. मिळून ५८ अणू. एका घरात अशी दोन सूत्रं, म्हणजे ११६ अणू. प्रत्येकाला हलायला तीन दिशा, म्हणून थरथरीचे ३४८ पट्टे. आणि झोनच्या चार उभ्या बाजूंवर ते सगळेच्या सगळे जोडीने: १७४ जोड्या, अपवाद एकही नाही. आमच्याकडच्या विहिरींतून निघणाऱ्या दगडात इतकी शिस्तबद्ध भिंत असेल याची मला कल्पना नव्हती.

मी त्याच संध्याकाळी फोन लावला. म्हटलं, "न्यूट्रॉन टाकून फोनॉन मोजायला मोठे स्फटिक लागतात ना तुम्हाला? इथे नाशिक जिल्ह्यात मुठीएवढे मिळतात. पाहिजे तर मी स्वतः निवडून पाठवते."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, त्यात पाण्याचे आठ रेणू आहेत."

"मग?"

"हायड्रोजन. न्यूट्रॉन त्याच्यावर आपटून सगळीकडे विखुरतात. पडद्यावर नुसतं धुकं दिसेल. आणि ३४८ पट्टे एकमेकांत गुंतलेले, कोणता कोणाला चिकटला हे वेगळं काढणार कसं? फार तर सगळ्यांत खालचे दोन-तीन."

"क्ष-किरणांनी?"

"क्ष-किरणांना हायड्रोजन जवळपास दिसतच नाही, ते चालेल," ती म्हणाली. "पण त्याला मुठीएवढा स्फटिक नको, मॅडम. त्याला कण पुरतो. तो तर आमच्या लॅबच्या कपाटातही सापडेल."